कादंबरी दुसऱ्याकडून लिहून घ्यायची हाय, घोस्टरायटर कसा निवडावा, पैसे अन् करार कसा ठेवावा?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वावर हाय अन् गावात छोटं कृषी केंद्र चालवतो. विषय जरा वेगळा हाय म्हणून सविस्तर लिहून राह्यलो.

माह्या डोक्शात एक कादंबरी हाय. नुसती कल्पना नाही, वहीत प्रकरणवार टिपणं हायेत, पात्रं ठरेल हायेत, कोण कोणाचं कोण लागते, कुठं काय होते, शेवट काय, सगळं. काळ 1972 चा, दुष्काळाचं साल अन् त्याच सालापासून सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारलेच विकाचा. जागा शकुंतला रेल्वेच्या लाइनवरचं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ज्याईले माहीत नाही त्याईच्यासाठी, ही यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज, वऱ्हाडातला कापूस बाहेर न्याले इंग्रजाच्या काळात खासगी कंपनीनं टाकलेली, अन् 1994 पर्यंत तिले कोळशाचंच इंजन होतं. माह्ये वडील जिनिंगमध्ये तोलाईवर होते. त्याईनं सांगितलेल्या गोष्टीतून हे सगळं उभं राह्यलं. नायिका तिथंच कामाले असते, अन् एक दिवस तिच्या ध्यानात येते का काट्यात खोट हाय, कास्तकाराचा माल रोज कमी भरून राह्यला. तिथून पुढं कथा.

मी दोन-तीन प्रकरणं लिहून पाह्यली. प्रसंग बरोबर उतरते पण वाक्य सपाट पडते, वाचणाऱ्याले धरून ठेवत नाही. म्हणून कोणी चांगला फ्रीलान्स लेखक घ्यावा, पैसे द्यावे अन् लिहून घ्यावी असं ठरवलं. माह्याजवळ साठ हजार हायेत यासाठी बाजूले ठेवेल.

दोघायसोबत बोलणं झालं. एक जण म्हणते पूर्ण पैसे आधी टाका, चार महिन्यात फाइल देतो. दुसरा पुण्याकडचा हाय, त्यानं नमुना म्हणून दोन पानं पाठवली. भाषा गोड हाय त्याची, पण त्यात बाया श्रावणात वावरात जाऊन विळ्यानं पऱ्हाटी कापून राह्यल्या अन् कापसाच्या पेंढ्या बांधून राह्यल्या! आता सांगा. श्रावणात पऱ्हाटीले कुठं बोंड फुटते, अन् कापूस हातानं वेचतात का विळ्यानं कापतात. कोणाच्या भरवशावर सोडावं हे समजत नाही. ज्याईनं असं काम केलं, नाही त करून घेतलं हाय त्याईनं सांगावं, माणूस कसा पारखावा, पैसे कसे द्यावे, अन् लिहून झाल्यावर ते माह्यं राहते का त्याचं?

आर्वीची_लेखणी

दादा, मी हेच काम करते. दुसऱ्यांच्या नावावर कादंबऱ्या लिहून दिल्यात, ऑडिओ मालिकांचे एपिसोडही लिहिते. तुमची गोष्ट वाचून खरंच बरं वाटलं, काट्यातली खोट हा धागा पक्का आहे, तो कोणाच्या हाती द्यायचा ते नीट बघूनच द्या.

पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याचा विषय इथंच संपवा. तो फसवणारच असं मी म्हणत नाही पण पैसे हातात आल्यावर शेवटची पाच प्रकरणं कशी उरकली जातात ते मी बऱ्याच लोकांच्या फायलींत पाहिलंय, कारण अर्धवट सोडलेली कामं पुढं माझ्यासारख्यांकडंच येतात.

पुण्याच्या माणसाला मात्र विळ्यावरून लगेच काढू नका. बाहेरच्याला कापूस माहीत नसणं समजू शकते मी. चूक सांगितल्यावर त्यानं काय केलं ते महत्त्वाचं. नुसतं विळा काढून "हाताने वेचत होत्या" असं करून पाठवलं तर सोडा त्याला. पण फोन करून विचारलं की वेचणी कधी लागते, ओटीत वेचतात की पोत्यात, मजुरी दिवसावर की किलोवर, दव असलं की माल ओला भरतो का, सीतादही म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा कधी करतात, तर तो माणूस कामाचा. कादंबरीच्या घोस्टरायटरचं अर्धं काम विचारणं आहे. जो विचारत नाही तो मनानं भरतो, आणि मनानं भरलेलं तुमच्या गावातला कोणताही बुढा पहिल्या पानावर पकडेल.

आता पारखायचं कसं. फुकटचा नमुना मागू नका, पैसे देऊन एक सीन लिहून घ्या, साधारण दीड हजार शब्दांचा. आणि पहिलं प्रकरण अजिबात देऊ नका, पहिलं प्रकरण सगळ्यांनाच जमते. सगळ्यात अवघड सीन द्या. तुमच्याकडं तो तयारच आहे, ती काट्यापाशी उभी आहे, तोलाई चालू आहे, आणि तिला कळते. कोणी काही बोलत नाही, मालक समोर बसून आहे, कास्तकार बैलबंडीजवळ हात जोडून उभा, आणि तिला आकडा ऐकू येतो. तेवढाच प्रसंग. तोच सीन दोन लेखकांना वेगवेगळा द्या, दोघांनाही पैसे द्या. तीन-चार हजार जातील पण त्यात जे समजेल ते पन्नास फोन करून समजत नाही. त्या सीनमध्ये एकच बघा, तिला कळलं हे लेखकानं दाखवलं की सांगून टाकलं. "तिच्या लक्षात आले की वजनात फसवणूक होत आहे" असं वाक्य आलं की समजा हा माणूस अहवाल लिहिणारा आहे.

भाषेचं आधीच ठरवून घ्या, यात लोक फार ढिलाई करतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत, की सगळंच वऱ्हाडीत? सगळं वऱ्हाडीत हवं असेल तर इथलाच लेखक लागेल आणि रेटही जास्त पडेल. संवादातसुद्धा सगळ्यांची बोली सारखी नसते. जिनिंगचा मालक मारवाडी असेल तर त्याचं मराठी वेगळं, मुकादमाचं वेगळं, तिच्या मायचं वेगळं. यासाठी माझ्याकडं एकच उपाय आहे, रेकॉर्डिंग. तुमच्या इकडं जिनिंगमध्ये काम केलेली म्हातारी माणसं अजून असतील, त्यांच्या परवानगीनं त्यांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, तासा-तासाच्या फायली लेखकाला द्या. कामाबद्दलच विचारा असं नाही, घरचं, भांडणाचं, लग्नाचं बोलू द्या, लय त्यातून मिळते.

पैशाचं. मी कादंबरीला शब्दामागे दीड रुपया घेते, कोणी एक घेतात, नाव असलेले लोक बरेच जास्त घेतात. साठ हजारात माझ्या रेटनं चाळीस हजार शब्द होतात, म्हणजे दीडशे पानांच्या आसपासची कादंबरी. तुमच्या गोष्टीला तेवढं पुरते, ताणायची गरज नाही. सुरुवातीला वीस टक्के द्या, मग चार-चार प्रकरणं हातात आली, वाचून झाली की त्यांचे, आणि शेवटचे वीस टक्के शेवटची दुरुस्ती झाल्यावरच.

आणि एक, जूनमध्ये सुरू करू नका. पेरणीच्या दिवसात कृषी केंद्रावर मुंगीला जागा नसते, तुम्ही प्रकरणं वाचणार कधी? लेखक पाठवत राहतो, इकडून उत्तर नाही, मग तो अंदाजानं पुढं जातो आणि दहाव्या प्रकरणावर समजते की चौथ्यातच वाट चुकली होती. हे काम बिघडायचं सगळ्यात मोठं कारण मी तरी हेच पाहिलंय. लिहून घेणारा गायब होतो.

कास्तकार_दारव्हा

ताई, लय उपकार. काट्याचा सीन द्यायचं डोक्यात आलंच नसतं. रेकॉर्डिंग करतो, वडिलाईसोबतचे दोघं जण हायेत अजून, एक बाजूच्याच गावात हाय. मालकी हक्काचं कोणी सांगा. पैसे मी देईन त कादंबरी माहीच ना?

अ‍ॅड_पुसद

दादा, तसं आपोआप होत नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 बघा, पहिला मालक म्हणजे लेखक, ज्यानं प्रत्यक्ष लिहिलं तो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालक नोकरी देणारा, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही, तो स्वतंत्र कंत्राटावर काम करतो. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पोर्ट्रेट करून घेणाऱ्याचं होतं, ती सवलत कादंबरीला नाही. त्यामुळे हक्क लेखी हस्तांतर करून घ्यावे लागतात, कलम 19, लेखकाची सही असलेला कागद. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "हो दादा तुमचंच आहे", एवढ्यावर भागत नाही.

आता त्या कागदात काय हवं ते नीट वाचा, कारण नेटवरून उतरवलेल्या फॉरमॅटमध्ये हे सुटतं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि तुमचं पुस्तक ई-बुक किंवा ऑडिओ म्हणून बाहेरच्या देशात ऐकलं गेलं तर तिथे प्रश्न उभा राहतो. म्हणून "कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी" असं स्पष्ट लिहा. पूर्ण मुदत म्हणजे लेखकाची हयात आणि त्यानंतर 60 वर्षं. हक्कही नावानं लिहा, छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाटक, चित्रपट, वेब सिरीज. "सर्व हक्क" एवढे दोन शब्द लिहून गप्प बसू नका.

आणि सगळ्यात जास्त धोका जिथे आहे ते, 19 चं पोटकलम 4. हस्तांतर झाल्यापासून एका वर्षात तुम्ही तो हक्क वापरला नाही तर हस्तांतर संपलं असं धरलं जातं, करारात वेगळं लिहिलं असेल तरच ते टिकतं. आपल्याकडे पहिली कादंबरी लिहून झाली तरी प्रकाशक मिळायला, पैसे जमायला वर्ष सहज निघून जातं. त्यामुळे "एक वर्षाची अट लागू राहणार नाही, वापर न केल्यानं हस्तांतर संपणार नाही" हे वाक्य घालून घ्याच.

कथाबीजाबद्दल. नुसती कल्पना कॉपीराइटमध्ये सुरक्षित राहत नाही, 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय, संरक्षण मांडणीला असतं. म्हणून लेखकाशी पुढचं बोलायच्या आधी तुमची वही नीट लिहून काढा, प्रकरणवार आराखडा, पात्रांची माहिती, जे संवाद सुचलेत ते, आणि तारखेसकट स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. ते तुमचं स्वतःचं लेखन झालं, त्यावर हक्क तुमचा. करारात "सोबत जोडलेल्या आराखड्यावरून" असा उल्लेख करून तो जोडा, पानापानावर दोघांच्या सह्या. गुप्ततेचं कलमही टाका, लेखकानं तुमच्या परवानगीशिवाय कोणाला फाइल दाखवायची नाही.

करार स्टँप पेपरवर करा, 100 च्या जागी आता 500 चा लागतो. कॉपीराइटची नोंदणी बंधनकारक नाही पण करून ठेवलेली बरी, अर्ज ऑनलाइन होतो, साहित्यकृतीची फी 500 रुपये. त्यात लेखक वेगळा असल्यामुळे त्याचं ना हरकत पत्र लागेल, ते करारासोबतच घेऊन ठेवा, नंतर माणूस फोन उचलेल याचा भरवसा नाही.

एक गोष्ट मात्र पैशानं पूर्ण विकत मिळत नाही. कलम 57 प्रमाणे लेखकाला आपण लेखक आहोत हे सांगायचा आणि लिखाणाची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क असतो, तो कॉपीराइट दिल्यावरही वेगळा राहतो. करारात "नावाचा दावा करणार नाही" असं लिहून घेतात, तुम्हीही घ्या, पण तेवढ्यानं हा विषय कायमचा मिटला असं धरून चालू नका. त्या माणसाशी संबंध चांगले ठेवणं हाच यातला अर्धा बंदोबस्त आहे.

मास्तरीण_चिखली

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. कथा तुमची, वडील तुमचे, मग लिहिणाऱ्याचं नाव लपवायचं कशासाठी? आपल्या मराठीत आत्मचरित्रांवर "शब्दांकन" म्हणून लिहिणाऱ्याचं नाव सरळ छापतात, वाचकांना त्यात काही वावगं वाटत नाही. कादंबरीवर तसं का करू नये? फ्रान्समध्ये अलेक्झांडर द्युमासाठी ऑगस्त माके कथानकं जुळवायचा, कच्चे मसुदे लिहायचा, शेवटी प्रकरण कोर्टात गेलं, 1858 साली त्याला पैशातला वाटा मिळाला पण सहलेखक म्हणून नाव काही मिळालं नाही. द्युमा इतका थोर लेखक, पण त्याच्याबद्दल बोलताना ही गोष्ट आजही निघतेच.

आणि पुढचा विचार करा. पुस्तक चांगलं झालं तर कोणीतरी म्हणेल पुरस्काराला पाठवा. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आपल्या भागातल्या लिहित्या माणसांसाठी उभा आहे, अजूनही बऱ्याच संस्था आहेत, आणि पुरस्काराला पुस्तक पाठवताना बऱ्याच ठिकाणी ते स्वतःचं स्वतंत्र लेखन असल्याचं लिहून द्यावं लागतं. तिथे काय लिहाल? शाळेत तुम्हाला बोलावलं, पोरांनी विचारलं "हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं", तर? मला यात कायद्यापेक्षा मनाचा प्रश्न मोठा वाटतो.

दुसरं, मोबाइलच्या कीबोर्डवर आता मराठीत बोलून टाइप होतं. रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक प्रसंग बोलून टाका, जसा घरच्यांना सांगता तसा. तो कच्चा मजकूर घेऊन मग लेखकाऐवजी संपादक शोधा. खर्च कमी आणि वाक्यं तुमची.

कास्तकार_दारव्हा

म्याडम, राग कायले येईन, तुमचं म्हणणं मनाले लागलं. बोलून टाइप करून पाह्यतो. वऱ्हाडी बोललं का ते भलतंच लिहिते पण दुरुस्त करता येईन. नावाचं म्हणाल त मले स्वतःचं नाव मोठं करायचं नाही. वडिलाईनं जे पाह्यलं ते कुठंतरी छापून राहावं एवढंच हाय. काट्याची खोट त्याईले माहीत होती अन् नोकरीपायी ते बोलले नाही, हे त्याईनं मले मरायच्या आधी सांगितलं. कादंबरीत ती बाई बोलते. म्हणून ही गोष्ट दुसऱ्याच्या नावानं निघू नये असं वाटते. पण लिहिणाऱ्याचं नाव आत "लेखनसाहाय्य" म्हणून टाकाले माही काही हरकत नाही, उलट बरं वाटन.

आर्वीची_लेखणी

दादा, हे वाचून थांबले थोडी. हे आधी का नाही सांगितलं तुम्ही? लेखकाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच आहे. वडिलांना माहीत होतं आणि ते बोलले नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे तोच काट्यापाशी उभ्या असलेल्या तोलाईवाल्याचं पात्र नीट लिहील. नाहीतर तो त्याला सरळ खलनायक करून टाकेल आणि तुम्हाला कुठं खटकतंय ते सांगताही येणार नाही.

लेखनसाहाय्य म्हणून नाव द्यायचं असेल तर करारातच लिहा, कोणत्या पानावर, कोणत्या शब्दात. बरेच लेखक त्यासाठी थोडा रेटही कमी करतात, मी करते. मास्तरीणबाईंचा बोलून टाइप करायचा सल्ला धराच, लेखक घेतला तरीही. तुमचा बोललेला कच्चा मजकूर हातात असला की लेखकाला तुमचा आवाज मिळतो.

वडसावाला

रामराम जी. मी झाडीपट्टीतला, गडचिरोली जिल्ह्यात वडसा म्हंजे नाटकाचं गाव. दिवाळीनंतर मंडई म्हंजे गावची जत्रा, अन् शंकरपट म्हंजे बैलाईच्या शर्यती सुरू झाल्या का रोज रात्री कुठं ना कुठं नाटक राहते. आमच्याकडं लेखक कंपनीले नाटक लिहून देते, अन् लिहून झालं का सगळ्या नटायसमोर बसून वाचून दाखवते. तिथंच समजते कोनतं वाक्य तोंडात बसते अन् कोनतं नाही. नट अडखळला का लेखक तिथंच पेन काढते.

तुमी बी हेच करा. दर चार प्रकरनं आली का एकट्यानं वाचू नका, घरात दोघा-तिघायसमोर मोठ्यानं वाचा, त्यात एक बाई पाहिजेच कारन नायिका बाई हाय. त्याईले मत विचारू नका. फक्त त्याईचं ध्यान कुठं उडते ते पाहा, कुठं मधातच च्या मांडाले उठते, कुठं मोबाइल पाहाले लागते. ते पान खुनेचं. मत विचारलं का सगळेच मास्तर होते, एक म्हनते शेवट गोड करा, दुसरा म्हनते प्रेमप्रकरन वाढवा, अन् लेखकाकडं दहा जनायचे निरोप जाते. लेखकाले निरोप एकाच मानसाचा गेला पाहिजे, तुमचा.

अन् बोली. आमची झाडीबोली वेगळी, तुमची वऱ्हाडी वेगळी, नागपूरची आनखी वेगळी. "विदर्भातला लेखक हाय" एवढ्यावर जाऊ नका जी, गोंदियाचा मानूस दारव्ह्याचं बोलनं लिहीन त तुमाले खटकनच.

डीटीपी_अकोला

लेखक-बिखक ठरवा पण फाइलचं आधी बोला. आमच्याकडं अर्धी भांडणं यावरूनच होतात. लेखकानं युनिकोडमध्येच टाइप करायचं, वर्ड फाइल. कोणी कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये देतं, मग कन्व्हर्ट करताना रफार इकडचा तिकडं जाते, जोडाक्षरं फुटतात, अन् अख्खं प्रूफ परत वाचावं लागते. वऱ्हाडी शब्दाचं लिखाण कसं ठेवायचं, "माह्या" का "माया", "राह्यलो" का "राहिलो", याची एक यादी लेखकासोबत आधीच करा, नाहीतर तिसऱ्या प्रकरणात एक अन् नवव्यात दुसरं, अन् प्रूफवाला आपल्या मनानं सगळं प्रमाण करून टाकते.

फाइलचं नाव दरवेळी तारीख टाकून बदला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यानं मजकूर घेऊ नका, पूर्ण प्रकरण ईमेलवर. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर सरकारकडून फुकट भेटतो, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या साइटवर अर्ज करा, त्यासाठी कोणाले पैसे देऊ नका.

यवतमाळचा_पोट्टा

काका एवढे साठ हजार कायले घालवता, आराखडा हाय ना तयार, एआयमध्ये टाका, दोन दिवसात कादंबरी. फुकट.

आर्वीची_लेखणी

भाऊ, टाकून बघा आणि काट्याचा तोच सीन मागा त्याला. मी करून पाहिलंय. वाक्य नीटनेटकं येतं पण माणसं सगळी एकाच घरात वाढल्यासारखी बोलतात, आणि जिथं माहीत नाही तिथं ते बिनधास्त रचून देतं, तारखा, रिवाज, सगळं. श्रावणातला कापूस तिथंही निघेल. आणि वडिलांनी गप्प राहणं काय असते ते त्याला कोण सांगणार?

उलट दादा, हा मुद्दा करारात घ्या. पैसे घेऊन तुमचा आराखडा तिकडं टाकायचा आणि आलेलं थोडं सारखं करून तुम्हाला द्यायचं, असे लोक आता पुष्कळ झालेत. सरळ लिहा, लिखाण लेखक स्वतः करेल, एआयकडून मजकूर तयार करून देणार नाही, आणि आराखडा अन् रेकॉर्डिंग अशा कोणत्याही ठिकाणी टाकणार नाही. संशय आला तर फोन करून विचारा, या सीनमध्ये ती मालकाकडं न बघता पारड्याकडं का बघते? ज्यानं लिहिलं तो लगेच सांगतो, कधी कधी भांडतोही त्यावरून. भांडला तर समजा माणूस खरा.

कास्तकार_दारव्हा

सगळ्याईचे आभार. ठरवलं ते सांगतो. वही टाइप करून घेतो, वकील साहेबाईनं सांगितलं तसं ईमेल करून ठेवतो. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याले नाही म्हणून सांगतलं. पुण्यावाल्याले विळ्याचं बोललो, त त्यानं काल फोन केला अन् जवळपास तासभर विचारत होता, रेचे म्हणजे सरकी काढायच्या मशिनी कशा चालते, सरकी कुठं पडते, रुईचा बुका नाकातोंडात जाते त बाया तोंडाले काय बांधते. मले बरं वाटलं. त्याले सीन देतो. ताई, तुमी बी तोच सीन लिहून देसान का, रीतसर पैसे घेऊन?

एकच शंका राह्यली. समजा अर्ध्यात थांबलं त? लेखकाले दुसरं मोठं काम भेटलं, नाही त इकडं सोयाबीन बुडालं अन् माह्ये पैसे अडकले, त तोवर लिहिलेलं कोणाचं?

अ‍ॅड_पुसद

त्यासाठी हस्तांतर टप्प्याटप्प्यानं करा. चार प्रकरणं आली, पैसे दिले, त्या चार प्रकरणांचं हस्तांतर त्याच दिवशी, मूळ कराराला जोडून एका पानावर सही. म्हणजे कुठेही थांबलं तरी पैसे दिलेलं सगळं तुमचं, पैसे न दिलेलं लेखकाचं. पण त्या न दिलेल्या प्रकरणांतही पात्रं आणि आराखडा तुमचा असल्यामुळे ती त्यानं दुसरीकडे वापरायची नाहीत, हे वेगळं कलम. थांबायचं असेल तर दोघांनीही पंधरा दिवस आधी ईमेलनं कळवायचं. पैसे अडकले तर काम रद्द न करता दोन-तीन महिने पुढे ढकलता येईल, अशी एक तरतूद ठेवा. शेतीवर घर असलेल्या माणसाच्या करारात ती हवीच.

आर्वीची_लेखणी

अर्धवट राहिलेल्या प्रकरणाचे निम्मे पैसे लेखकाला मिळावेत एवढं माझ्या बाजूनं जोडा, बाकी वकील साहेबांनी लिहिलं ते बरोबर आहे. आणि लेखक मधात गेला तर जाताना त्यानं पात्रांची टिपणं आणि पुढच्या प्रकरणांचे कच्चे मुद्देही द्यायचे, नुसती झालेली प्रकरणं नाहीत, नाहीतर दुसऱ्याला पहिल्यापासून सुरू करावं लागते.

सीन लिहून देते दादा, दीड हजार शब्दांचे सव्वादोन हजार. रेकॉर्डिंगमधली निदान एक फाइल आणि काट्याबद्दल वडिलांनी जेवढं सांगितलं तेवढं सगळं पाठवा. तोलाईचा काटा कसा होता, वजनं कोण ठेवायचं, आकडा कोण पुकारायचं आणि कोण लिहायचं, हे मला माहीत पाहिजे. पुण्याच्या लेखकालाही तेच पाठवा, एक अक्षर कमी-जास्त नको. दोन्ही सीन आले की ते कोणी लिहिले हे न सांगता घरात मोठ्यानं वाचा, मग ठरवा.

कास्तकार_दारव्हा

पाठवतो ताई. बाजूच्या गावातल्या त्या काकाकडं रविवारी जाऊन राह्यलो, आकडा कोण पुकारे ते त्याईलेच विचारतो.